अकिलिस टेंडन तुटल्यावर पुन्हा नीट चालेपर्यंत काय काय करायचं

टाचेच्या मागे, घोट्याच्या जरा वर चिमटीत धरली की जी जाड दोरीसारखी लागते ना, तो अकिलिस टेंडन. पोटरीचे दोन मोठे स्नायू खाली येऊन त्यात मिसळतात आणि तो जाऊन टाचेच्या हाडाला चिकटतो, पाऊल टाकताना शेवटी टाच उचलून शरीर पुढे ढकलायचं काम त्याचंच. तो तुटला की प्रत्येकजण पहिलं विचारतो दुखणं कधी थांबेल, आणि खरं सांगायचं तर दुखणं फार लवकर थांबतं, कित्येकांना दोनतीन आठवड्यांनंतर जवळजवळ काही होतच नाही, आणि सगळी गोची तिथेच आहे. आतला टेंडन तेव्हा अजून पार कच्चा असतो आणि आपल्याला वाटत असतं चला, सुटलो. त्यामुळे या दुखापतीत "दुखत नाहीये ना, मग चालेल" हा हिशोब पहिल्या दिवसापासून डोक्यातून काढून टाका. काय करायचं ते आठवडे बघून आणि फिजिओ सांगेल तसं ठरवायचं.

आधी तुटलाय का ते नीट बघून घ्या

बहुतेक वेळा हे तिशी ते पन्नाशीतल्या लोकांना होतं, पुरुषांना जास्त, आठवडाभर खुर्चीत आणि सुट्टीच्या दिवशी एकदम बॅडमिंटन किंवा फुटबॉल असं ज्यांचं चालतं त्यांना तर फारच. उभं राहून एकदम पळायला निघताना, उडी मारताना, दोन पावलं मागे जाऊन पटकन पुढे झेपावताना फट्कन आवाज येतो आणि मागून कुणीतरी लाथ घातली असं वाटतं. माणूस वळून बघतो तर मागे कुणीच नसतं. हे वर्णन इतकं ठरलेलं आहे की ऑर्थोचे डॉक्टर तेवढ्यावरच अर्धं निदान करून टाकतात.

तरीही बऱ्याच जणांचं निदान पहिल्यांदा सुटतं, मुरगळलाय म्हणून क्रेप बँडेज बांधून घरी पाठवतात. कारण टेंडन पूर्ण तुटला तरी पायाची बोटं हलतात, पाऊलसुद्धा थोडंफार खाली दाबता येतं, ते काम बाजूचे छोटे स्नायू करत असतात, आणि लंगडत का होईना चालताही येतं. २०१३ च्या एप्रिलमध्ये अमेरिकन बास्केटबॉलपटू कोबी ब्रायंटचा टेंडन मॅचमध्ये तुटला तेव्हा त्यानं बाहेर जायच्या आधी दोन फ्री थ्रो, म्हणजे उभं राहून बास्केटमध्ये टाकायचे बॉल, मारले, दोन्ही आत. तेव्हा "चालता येतंय म्हणजे तुटला नसेल" याला काही अर्थ नाही.

पोटरी दाबून बघायची एक सोपी तपासणी आहे, तिला थॉम्पसन टेस्ट म्हणतात. पालथं झोपायचं, दोन्ही पावलं पलंगाच्या कडेबाहेर मोकळी सोडायची आणि दुसऱ्या कुणीतरी पोटरीचा मांसल भाग मुठीत धरून दाबायचा. चांगल्या पायाचं पाऊल दाबलं की आपोआप थोडं खाली वळतं, तुटलेल्या पायाचं पाऊल ढिम्म हलत नाही. दाबायच्या आधीही दोन्ही पावलं नुसती शेजारी शेजारी बघा, चांगलं पाऊल जरा खाली झुकलेलं असतं आणि तुटलेलं सरळ लोंबतं. टाचेच्या वर दोन ते सहा सेंटीमीटरच्या पट्ट्यात बोट फिरवलं की खळगा लागू शकतो, तिथेच रक्तपुरवठा सगळ्यात कमी आणि बहुतेक टेंडन तिथेच तुटतात. सूज चढली की मात्र खळगा भरून जातो, म्हणून लागला नाही तर खूश होऊ नका. एक्स-रेत टेंडन दिसत नाही हेही लक्षात ठेवा, "एक्स-रे नॉर्मल आहे" एवढं ऐकून घरी यायचं नाही, शंका असेल तर सोनोग्राफी किंवा एमआरआय करायला सांगा.

डॉक्टरकडे पोचेपर्यंत त्या पायावर वजन टाकू नका, पाय उशीवर वर ठेवा, कपड्यात गुंडाळून बर्फ लावा. आणि कुणी प्रेमानं मालिश करायला किंवा पाऊल ओढून "नस बसवायला" आलं तर हात जोडून नाही म्हणा. पाऊल बोटं खाली अशा स्थितीत राहिलं तर तुटलेली टोकं जवळ राहतात, वर ओढलं की लांब जातात. गेल्या काही आठवड्यांत सिप्रोफ्लॉक्सासिन किंवा लेव्होफ्लॉक्सासिन ही अँटिबायोटिक्स घेतली असतील, स्टिरॉइड चालू असतील किंवा टाचेजवळ स्टिरॉइडचं इंजेक्शन घेतलं असेल तर डॉक्टरांना नक्की सांगा, या अँटिबायोटिक्सनी टेंडन कमजोर होऊन तुटू शकतो असा ठळक इशारा अमेरिकेच्या एफडीएनं, म्हणजे तिथल्या औषधांवर देखरेख ठेवणाऱ्या सरकारी संस्थेनं, २००८ पासून त्यांच्यावर छापायला लावलाय.

ऑपरेशन करायचं की नाही

यावर घरात सगळे आपापली मतं देणार. पूर्वी समज असा होता की तरुण आणि खेळणारा असेल तर ऑपरेशन, बाकीच्यांना प्लास्टर, आता चित्र बरंच बदललंय. २०२२ मध्ये न्यू इंग्लंड जर्नल ऑफ मेडिसिनमध्ये नॉर्वेतला एक मोठा अभ्यास आला, ५२६ पेशंट, काहींना ऑपरेशनच नाही, काहींना नेहमीचं उघडं ऑपरेशन, काहींना छोट्या छेदाचं. वर्षानंतर चालणं, ताकद, रोजची कामं याबद्दल पेशंटनी स्वतः दिलेले मार्क तिन्ही गटांत जवळपास सारखे निघाले. फरक होता तो दोन ठिकाणी. परत तुटायचं प्रमाण ऑपरेशन न केलेल्यांत ६.२ टक्के आणि ऑपरेशनवाल्या दोन्ही गटांत ०.६ टक्के, आणि उलट बाजूला नसेला (नर्व्हला) इजा व्हायचं प्रमाण ऑपरेशन न केलेल्यांत ०.६, उघड्या ऑपरेशनमध्ये २.८ आणि छोट्या छेदाच्या ऑपरेशनमध्ये ५.२ टक्के.

म्हणजे दोन्हीकडे काहीतरी घेणं आणि काहीतरी सोडणं आहे. माझं मत विचाराल तर ज्याला परत जोरात खेळायचंच आहे किंवा ज्याचं पोट पळापळीच्या कामावर आहे त्यानं ऑपरेशनचा विचार करावा, ज्याला डायबेटीस आहे, जो सिगरेट ओढतो, ज्याच्या जखमा उशिरा भरतात त्यानं बिनऑपरेशनचा, कारण टाचेमागची कातडी पातळ असते आणि तिथली जखम चिघळली तर फार त्रास होतो. पण बिनऑपरेशन म्हणजे काहीच न करणं असा अर्थ काढू नका हं, त्यात पाऊल पहिल्या काही दिवसांतच बोटं खाली या स्थितीत बांधायला लागतं आणि पुढचा रिहॅब, म्हणजे पाय परत कामाला लावायचा व्यायामाचा कार्यक्रम, तेवढाच कडक असतो. दोन आठवडे घरगुती उपाय करून मग डॉक्टरकडे गेलात तर हा पर्याय हातातून जाऊ शकतो.

सिगरेट ओढत असाल तर ती मात्र दोन्ही रस्त्यांवर बंद.

पहिले दोन आठवडे

काम एकच, पाय वर ठेवून पडून राहणं. वर म्हणजे छातीच्या वर, खुर्चीसमोरच्या स्टुलावर ठेवला तर सूज उतरत नाही. कुबड्या घेताना काखेत आणि कुबडीच्या वरच्या टोकात दोनतीन बोटं जागा राहिली पाहिजे आणि वजन तळव्यांवर आलं पाहिजे, काखेवर लटकलात तर हाताला मुंग्या येतात. जिना चढताना चांगला पाय आधी, उतरताना दुखरा पाय आणि कुबड्या आधी. बाथरूममध्ये प्लास्टिकचं भक्कम स्टूल ठेवा, खालची पायपुसणी आणि गालिचे सगळे गुंडाळून ठेवा, रात्री एका पायावर उड्या मारत जायचा मोह आवरा, तसं पडून टेंडन परत तुटू शकतो.

या दिवसांत खरी भीती रक्ताच्या गुठळीची. पाय हलत नाही, पोटरीचा पंप बंद, त्यामुळे पोटरीतल्या शिरेत गुठळी व्हायची शक्यता वाढते. रक्त पातळ करायचं औषध लागेल का हे डॉक्टरांना आपणहून विचारा, विशेषतः आधी कधी गुठळी झाली असेल, वजन जास्त असेल किंवा गर्भनिरोधक गोळ्या चालू असतील तर. पोटरी किंवा मांडी अचानक जास्त सुजली, गरम लागली, दुखायला लागली तर त्याच दिवशी दाखवा, आणि धाप लागली किंवा छातीत दुखलं तर फोनाफोनी करत बसू नका, सरळ इमर्जन्सीत जा.

बुटाचे दिवस

दोनेक आठवड्यांनी स्लॅब (एका बाजूचं अर्धं प्लास्टर) किंवा पूर्ण प्लास्टर काढून बहुतेक ठिकाणी वॉकिंग बूट देतात, तो गुडघ्याच्या खालपर्यंत येणारा जाडजूड बूट. पूर्ण वेळ प्लास्टरच ठेवलं तर काही बिघडतं का, तर तसं नाही, २०२० मध्ये लॅन्सेटमध्ये ब्रिटनचा ५४० पेशंटचा अभ्यास आला होता, ऑपरेशन न केलेल्यांत प्लास्टर आणि बूट यांची तुलना, नऊ महिन्यांनी निकाल सारखाच. पण बुटात लवकर पाय टेकता येतो आणि आयुष्य जरा सुसह्य होतं, म्हणून मिळत असेल तर बूटच घ्या.

बुटाच्या आत टाचेखाली वेज असतात, एकावर एक ठेवलेले उंचवटे, त्यामुळे पाऊल बोटं खाली असं राहतं. मग साधारण आठवड्याला किंवा दोन आठवड्यांना एक वेज काढायचा आणि पाऊल हळूहळू सपाट आणायचं. कधी कुठला काढायचा हे तुमच्या सर्जनच्या प्रोटोकॉलप्रमाणे, इंटरनेटवर दुसऱ्या कुणाचं वेळापत्रक बघून आपण मागे पडलो म्हणून एक जास्तीचा काढायचा नाही. वेज काढल्यावर एकदोन दिवस मागे ताण जाणवतो तो चालतो, टोचून दुखलं तर परत घाला आणि फोन करा.

हे इतकं जपून का करायचं ते एकदा समजून घ्या, म्हणजे पुढचं सगळं सोपं जाईल. टेंडन जुळतो तेव्हा दोन टोकांच्या मध्ये नवं मांस भरतं आणि ते कित्येक आठवडे मऊ असतं, ताणलं की लांब होतं आणि लांब झालं की तसंच राहतं. सायकलच्या ब्रेकची केबल सैल पडली की लिव्हर पार हँडलपर्यंत दाबला तरी ब्रेक लागत नाही ना, तसंच पोटरी कितीही ताकदीनं आखडली तरी टाच पूर्ण उचलली जात नाही. परत तुटलेल्याचं ऑपरेशन तरी करता येतं, लांब होऊन जुळलेल्याचं काय करायचं हा डॉक्टरांनाही अवघड प्रश्न असतो. म्हणून पहिले तीन महिने तरी पोटरीचं स्ट्रेचिंग अजिबात नाही. टॉवेल पायात अडकवून ओढणं नाही, भिंतीला हात लावून टाच मागे दाबणं नाही, पायरीच्या कडेवर उभं राहून टाच खाली सोडणं तर नाहीच नाही. पाऊल आखडलंय असं वाटेल, वाटू दे. आखडलेलं पुढे चालता चालता सुटतं.

बूट घालून झोपा, डॉक्टर नको म्हणेपर्यंत. झोपेत पाय झटकला जातो, अर्धवट जागे होऊन बाथरूमला उठतो आणि बूट घालायचा राहतो. बूट काढायचाच असेल तर बसून, पाऊल बोटं खाली लोंबकळत ठेवून, आणि टाच जमिनीला टेकवून पाऊल वर होऊ द्यायचं नाही. पहिल्यांदा काढाल तेव्हा घाबरू नका, पोटरी निम्मी झालेली दिसते, हाताला लिबलिबीत लागते, कातडीचे पापुद्रे निघतात आणि पाय खाली सोडला की दोन मिनिटांत जांभळट होतो. सगळ्यांचंच होतं. ऑपरेशन झालं असेल तर जखमेकडे मात्र रोज नीट बघा, लाली पसरतेय, पाणी किंवा पू येतोय, ताप आहे तर लगेच दाखवायचं. पावलाच्या बाहेरच्या कडेला बधिर वाटलं तर तेही सांगा, तिथून जाणारी नस दुखावलेली असू शकते.

आणि दुसऱ्या पायात जाड तळव्याचा बूट घाला किंवा सोलखाली लावायचा उंचवटा मिळतो तो लावा, नाहीतर एक पाय उंच एक पाय खाली असं चालून कंबर धरते. या गोष्टीचं कुणी काही सांगत नाही आणि महिन्याभरात टेंडनपेक्षा कंबरच जास्त बोलायला लागते.

व्यायाम या काळातही असतात. पाय सरळ ठेवून उचलणं, कुशीवर झोपून पाय वर करणं, मांडी आवळणं, हे बुटासकट होतं. फिजिओनं परवानगी दिली की बूट काढून पाऊल खाली दाबायचं आणि परत वर आणायचं, वर आणताना पाऊल आणि नडगी यांचा काटकोन व्हायच्या आधी थांबायचं, स्वतःच्या ताकदीनं जितकं येईल तितकंच, हातानं किंवा पट्ट्यानं मदत नाही.

गाडीचं म्हणाल तर उजवा पाय असेल तर बुटात ड्रायव्हिंग विसरा. बूट सुटल्यावरसुद्धा एकदम करकचून ब्रेक मारता येतोय याची खात्री होईपर्यंत थांबा, आणि इन्शुरन्सवाल्यांना एकदा विचारून घ्या.

बूट सुटल्यावर

साधारण आठ ते बारा आठवड्यांच्या मध्ये कधीतरी बूट जातो, आणि माझ्या मते सगळ्यात जपायचे दिवस इथून सुरू होतात. परत तुटणारे टेंडन बरेचसे पहिल्या तीनेक महिन्यांत तुटतात आणि त्यातले कितीतरी असे, पायरी चुकली, ओल्या फरशीवर पाय सरकला, बस सुटतेय म्हणून चार पावलं पळाला, पडणाऱ्या पोराला धरायला झेपावला. दुखत काहीच नसतं आणि बूट गेल्याचा आनंद असतो, त्यात विसरायला होतं.

म्हणून बूट एका दिवसात सोडायचा नाही. आधी घरात थोडा वेळ शूज, बाहेर बूट, मग हळूहळू बाहेरही शूज. शूज म्हणजे टाच जरा उंच असलेले, मागून पक्के असलेले, आणि आत टाचेखाली सेंटीमीटरभर हील लिफ्ट, म्हणजे छोटा उंचवटा, दोन्ही पायांत. अनवाणी आणि सपाट चपलेत फिरणं अजून बरेच आठवडे नको, घरात सुद्धा. उकिडवं बसायला लागेल असं काहीही नको, त्यात घोटा जितका वाकतो तितका दुसऱ्या कशात वाकत नाही. गर्दीत एक कुबडी किंवा काठी हातात ठेवा, गरज नसली तरी, लोक जरा लांबून जातात.

चालताना लंगडण्याची सवय लावून घेऊ नका. बहुतेकजण काय करतात, दुखरं पाऊल बाहेर वळवून बदकासारखं टाकतात, कारण पुढे ढकलायला लागत नाही. त्यापेक्षा पावलं लहान टाका, हळू चाला, पण टाच, मग तळवा, मग बोटं असं नीट टाका. जखम पूर्ण भरली असेल तर छातीभर पाण्यात चालणं फार छान, वजन हलकं होतं. स्टॅटिक सायकलही चालते, पेडल सुरुवातीला टाचेनं दाबायचं.

संध्याकाळी घोटा सुजणार, हे कित्येक महिने चालतं. रात्रभरात उतरली की ठीक, सकाळीही तेवढीच असेल तर आदल्या दिवशी जास्त झालं असं समजा आणि एक दिवस कमी करा. सकाळची पहिली काही पावलं लाकडी वाटतात, तेही चालेल. टेंडन मात्र कायमचा जाड राहतो, दुसऱ्या पायासारखा बारीक होईल म्हणून वाट बघू नका.

ताकद

आता एकाच गोष्टीचा ध्यास घ्यायचा, टाच उचलणं. आधी खुर्चीत बसून दोन्ही टाचा उचला, जमलं की मांडीवर वजन ठेवून. मग ओट्याला धरून उभं राहून दोन्ही पायांवर, सुरुवातीला सगळं काम चांगला पाय करतो आणि आपल्याला कळतही नाही, म्हणून खाली दोन वजनकाटे ठेवून बघा, दुखऱ्या पायाखालचा काटा किती दाखवतो ते कळेल. मग दोन पायांवर वर जायचं आणि वजन दुखऱ्या पायावर घेत हळूहळू खाली यायचं, जमिनीपर्यंतच. शेवटी एका पायावर. तो दिवस बहुतेकांचा चारपाच महिन्यांनी किंवा त्याही नंतर येतो आणि तोवर चांगलाच वैताग येतो, टाच उचलायचा हुकूम देतो आणि पायाला कुणी सांगितलंच नाही असं वाटतं. एक दिवस अर्धा इंच उचलली जाते. मग तिथून पुढे.

मोजताना नुसते आकडे मोजू नका, उंची बघा. भिंतीवर पेन्सिलनं चांगल्या पायाची टाच कुठपर्यंत जाते ती खूण करा आणि दुखऱ्याची त्याच्या शेजारी, महिन्यातून एकदा. पंचवीस वेळा अर्धवट उचलण्यापेक्षा पाच वेळा खुणेपर्यंत उचललेली बरी. उंचीतला थोडा फरक कित्येकांचा वर्षांनंतरही राहतो, पोटरीही थोडी बारीक राहते, त्यानं रोजच्या कामात फारसं काही अडत नाही.

गुडघा सरळ ठेवून आणि गुडघा वाकवून असे दोन्ही प्रकार करा, पोटरीचे दोन स्नायू वेगवेगळे कामाला लागतात. आणि एक दिवसाआड, रोज नाही.

पळणं आणि खेळ

हळू जॉगिंग साधारण पाचसहा महिन्यांनंतर, तेही एका पायावर टाच नीट उचलता येत असेल, भराभर चालताना लंगडत नसाल आणि फिजिओ हो म्हणाला असेल तर. एक मिनिट पळणं दोन मिनिटं चालणं असं, सपाट जागेवर, चढावर नाही. त्याआधी दोन पायांवर जागच्या जागी छोट्या उड्या, मग एका पायावर, हे जमलं नाही तर पळायची घाई नको. अचानक दिशा बदलायचे खेळ, बॅडमिंटन, फुटबॉल, बास्केटबॉल, यांना नऊ ते बारा महिने धरून चाला. कोबी आठ महिन्यांत कोर्टवर आला होता, पण त्याच्या दिमतीला रोज माणसं होती. केविन ड्युरंट या दुसऱ्या बास्केटबॉलपटूला जून २०१९ मध्ये झालं आणि तो परत मॅच खेळला डिसेंबर २०२० मध्ये. मधे कोरोनाच्या साथीमुळे सीझन लांबला हे खरं, पण सीझन परत सुरू झाल्यावरही तो उतरला नव्हता. तुम्हाला तर कुणाच्या काँट्रॅक्टची घाईसुद्धा नाही.

परत खेळायला गेलात की पहिले काही आठवडे नुसती प्रॅक्टिस, गुण मोजायचे नाहीत, कारण गुण मोजायला लागलं की माणूस न पोचणाऱ्या शटलमागे पळतोच. दमल्यावर शेवटचा एक गेम खेळायचा नाही. आणि टाच उचलायचे व्यायाम आता दोन्ही पायांचे चालू ठेवा, आठवड्यातून दोनदा तरी, एका पायाचा तुटलेल्यांचा दुसऱ्या पायाचाही तुटायचा धोका इतरांपेक्षा जास्त असतो.